खुंटावरची खूण

नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, आणि कटंगीजवळचं आमचं गाव सोडून मी जंगलात राहायला गेले. नवरा नाकेदार होता. आमच्या भागात जंगलाच्या पहारेकऱ्याला नाकेदार म्हणतात. मॅट्रिक झालेला, खाकी कपड्यातला, सरकारी पगाराचा माणूस. दोन्ही घराण्यांत असा माणूस आधी झाला नव्हता. लग्नात माझा बाप ज्याला त्याला सांगत फिरत होता, "जवाई सरकारी हाये माहा." मला तेव्हा लाज वाटली होती.

लांजीच्या पुढं सडक संपायची. तिथून बैलगाडीनं अर्धा दिवस आत गेलं की नाल्याच्या काठी आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. पहिल्याच दिवशी ह्यांनी माझी लग्नातली पेटी उघडायला लावली आणि माझ्या साड्यांच्या खाली एक हातोडा ठेवला. एका तोंडाला कुऱ्हाडीसारखी धार, दुसऱ्या तोंडाला उलटी उठावाची अक्षरं.

"हे कशाले माह्या पेटीत?" मी विचारलं.

"तुह्या पेटीले कुलूप हाये म्हणून. हा हरवला त नोकरी गेली समज."

पावसाळा सरला की त्या हातोड्याचं काम सुरू व्हायचं. जंगलाचे पट्टे पाडलेले होते, त्यांना कूप म्हणत. दरवर्षी एक कूप तोडायला निघायचा आणि लिलावात कोणी ठेकेदार तो घ्यायचा. पण कोणतं झाड पडायचं आणि कोणतं राहायचं, ते नाकेदाराच्या हातोड्यानं ठरायचं. हे धारेनं साल तासायचे आणि उघड्या लाकडावर छाप मारायचे. एक छाप छातीच्या उंचीवर, दुसरा अगदी खाली, मुळापाशी. दोन कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "झाड गाडीवर बसून जाते. खुंट जागेवर राह्यते. उद्या कोणी इचारलं, हे कोणाच्या हुकमानं पाडलं, त खुंट सांगते."

दर कूपात काही सरळ, निरोगी झाडं बियांसाठी उभी ठेवायची आणि नाल्याच्या काठाला हात लावायचा नाही, असा नियम होता. हा नियम हे पाळत. संध्याकाळी घरी येऊन कोणती झाडं राखली ते मला सांगायचे. त्यांच्या बोलण्यात त्याचा थोडा अभिमान असायचा.

क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर गोंडांची दहा-बारा घरं होती. त्यातल्या एका घरातली बाई माझी मैत्रीण झाली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. घरी गोंडी बोलायची, माझ्याशी मात्र तिची हिंदी आणि माझी मराठी मिसळून एक तिसरीच बोली तयार झाली होती. मला ती "नाकेदारीन" म्हणायची. लग्नानंतर तीन वर्षांनी माझी मुलगी झाली, तो श्रावण होता, नाला दोन्ही काठ भरून वाहत होता आणि हे दौऱ्यावर पलीकडे अडकले होते. ही बाई डोक्यावर घमेलं धरून छातीभर पाण्यातून आली. "काहे डरती? मी हाव ना," एवढंच म्हणाली आणि चूल पेटवायला बसली. माझी मुलगी तिच्याच हातात जन्मली. तिचीही एक मुलगी होती, तीन वर्षांची. ती माझ्या बाळाच्या पाळण्याला दिवसभर झोके द्यायची.

तिचा नवरा झाडं पाडायचा. त्या भागात त्याच्यासारखा कुऱ्हाडीचा माणूस नव्हता असं सगळे म्हणत, ठेकेदाराची माणसंसुद्धा. तो झाडाभोवती एक फेरी मारायचा, खोडावर तळवा टेकवायचा, मग वीस-पंचवीस पावलं चालत जाऊन जमिनीत एक काडी रोवायचा. झाड पडायचं ते बरोबर त्या काडीवर. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काडी जमिनीत गेली की तो हसायचा नाही, फक्त मान हलवायचा. बोलणं त्याचं फार कमी.

पहिली दोन-तीन वर्षं अशी गेली. मग मालाची मागणी वाढायला लागली. कुठं धरण होत होतं, कुठं कारखाना, कुठं रेल्वेचा नवा फाटा. सगळ्यांना लाकूड हवं होतं. रुळांखाली घालायला स्लीपर, पुलांना तुळया, नव्या वसाहतींना दारं-खिडक्या. आधी बैलगाडीतून एका वेळी एकच लठ्ठा, म्हणजे ओंडका जायचा, आता जंगलात ट्रकसाठी कच्चा रस्ता काढला. ठेकेदारानं बाहेरून माणसं आणली. एका कूपाचं काम संपायच्या आत पुढच्याची बोलणी सुरू व्हायची. हे घरी उशिरा यायचे आणि जेवून लगेच आडवे व्हायचे.

माझ्या लग्नाला चौथं वर्ष होतं. दिवाळी होऊन गेली होती. ह्यांचे वरचे साहेब, ज्यांना सगळे डिप्टी साहेब म्हणत, ते जीपनं आले. मी चहा दिला आणि दाराआड थांबले. साहेब म्हणाले, माल कमी पडतो आहे, वरून विचारणा आहे. नाल्याच्या काठावरचे मोठे साग आणि राखलेली बीजझाडं, दोन्हीवर छाप मारून टाक.

हे म्हणाले, "साहेब, काठ तर बंद आहे ना? आणि बीजझाडं..."

"तो क्या इनकी आरती उतारोगे?" साहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "नौकरी अभी पक्की नहीं है तुम्हारी. सोच लो."

कागद त्यांनी काही दिला नाही. चहा मात्र चांगला झाला म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्याकडे पेटीची किल्ली मागितली. मी दिली. संध्याकाळी परत आले तेव्हा हाताला फोड होते. "सगळ्याइले मारला," म्हणाले. मी विचारलं, "तो नाल्यावर झुकलेला?" आम्ही दोघं त्या झाडाखाली बसायचो. दोन माणसांच्या मिठीत न मावणारा साग होता तो, नाल्यावर ओणवा झालेला. हे म्हणाले, "हौ. त्यालेबी."

त्या झाडाची तोड माघात आली. सकाळी मैत्रिणीचा नवरा आमच्या अंगणात उभा राहिला. तो कधी आपणहून येत नसे. म्हणाला, "साहेब, वो नाले वाला मत कटवाओ. पोला है. ठोककर देखा, अंदर से बोलता है. और झुका भी है. फटेगा."

ह्यांनी फाटकाकडे पाहिलं. ठेकेदाराचा माणूस फाटकापाशीच उभा होता. तो म्हणाला, "निशाण लागलं आहे ना? मग पाडायचं. नाकेदार साहेब, खरं की नाही?"

हे खाली पाहत म्हणाले, "निशाण त हाये."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. पोरीला दूध पाजत ओसरीवर बसले होते.

दुपारी नाल्यावर कपडे धुत असताना कुऱ्हाडीचे ठोके ऐकू येत होते. त्या ठोक्यांची एक लय असते, इतकी वर्षं जंगलात राहून ती आपोआप कळते. झाड जायच्या आधी लाकूड कुरकुरतं, माणसं ओरडून बाजूला होतात, मग धाडकन आवाज. त्या दिवशी कुरकुर झालीच नाही. बंदुकीचा बार व्हावा तसा एक आवाज झाला आणि मागून माणसांचा कालवा. पोकळ खोड मधोमध उभं फाटलं होतं. अर्धा भाग वर चढून बुंध्याकडून मागं उसळला आणि ज्या बाजूला पाडणारा उभा होता, त्याच बाजूला आला.

त्याला बाजेवर घालून लांजीच्या दवाखान्यात न्यायला निघाले. हे बाजेचा एक पाय खांद्यावर घेऊन चालत होते. सडक लागायच्या आधीच तो गेला. परत आले तेव्हा ह्यांच्या खाकी सदऱ्याचा खांदा काळा पडला होता. मी तो सदरा तीनदा धुतला.

मैत्रिणीच्या घरी मी दोन दिवस जात राहिले. तिच्या मुलीला घरी आणून जेवू घालत होते. मैत्रीण रडत नव्हती. तिसऱ्या दिवशी डिप्टी साहेब आले. ह्या वेळी चहाला थांबले नाहीत. ह्यांना जीपपाशी बोलावलं आणि बराच वेळ बोलत राहिले. हे परत आले ते ओसरीच्या पायरीवर बसले.

"काय म्हणते साहेब?"

"म्हणते, चौकशी होईन. काठावरचं झाड काहून पाडलं, असं इचारतीन."

"मंग? सांगा की साहेबानंच सांगतलं होतं म्हणून."

"त्यानं कागद कुठं देला?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "म्हणते, त्या झाडाले छापच नव्हता, असं लेहून दे. तोडणाऱ्यानं आपल्या मनानं पाडलं. चोरीचं होतं, असं लेह्य. आन खुंटावरची खूण तासून टाक."

मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जे म्हणाले, ते आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहिते आहे. मी म्हणाले नाही की असं करू नका. मी म्हणाले, "नाही केलं त नोकरी जाईन?"

"हौ. जेलबी होऊ शकते."

मी पोरीकडे पाहिलं. ती अंगणात रांगत होती. माझा बाप लग्नात कसा फिरत होता ते आठवलं. मी म्हणाले, "तो त गेला. आता तो काही वापस नाही येत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून त्यांना दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं की त्यांना धीर हवा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "एकट्यानं जावत नाही. तू चाल संगं." मी पोरीला कडेवर घेतलं आणि गेले. काठावर कोणी नव्हतं. फाटलेलं झाड तसंच पडलं होतं, ठेकेदाराची माणसं भ्यायली होती म्हणून अजून उचललं नव्हतं. वरचा छाप खोड फाटताना चिरफाळून गेला होता. खुंट मात्र ताजा होता, आणि मुळापाशी ती खूण स्वच्छ दिसत होती. एकेक अक्षर वाचता यावं अशी. हे कुऱ्हाड घेऊन समोर बसले आणि बसूनच राहिले. वरच्या रस्त्यावर ट्रकचा आवाज आला. मी म्हणाले, "करा लवकर."

सात-आठ घाव लागले. ढलप्या उडाल्या. कोणाला सापडू नयेत म्हणून मी त्या एकेक करून पदरात वेचल्या. एका ढलपीवर अर्धं अक्षर होतं. घरी येऊन त्या चुलीत घातल्या आणि त्यावर भात शिजवला. सागाच्या ढलप्या चांगल्या जळतात. ह्यांनी त्या दिवशी भात खाल्ला नाही. मी खाल्ला, अंगावर पिणारं लेकरू होतं.

आठ-दहा दिवसांनी मैत्रीण आली. क्रिया झाली होती. केस मोकळे, अंगावर जुनीच साडी. तोवर गावात सगळीकडे झालं होतं की झाड चोरीचं होतं. ती ओसरीच्या खालीच उभी राहिली, वर आली नाही.

"नाकेदारीन," ती म्हणाली, "निशान होता ना उस झाड को? मेरा आदमी तो घर में बोला था, निशान लगा है इसलिए काटना पडेगा. तुझ्या मालकानंच लावलं ना?"

माझी मुलगी तिला पाहून हात पसरत होती.

"मले काय माहीत बाई," मी म्हणाले. "मी कधी जंगलात जाते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मान हलवली आणि गेली. चौकशीला एक साहेब आले, खुंट पाहून गेले. ह्यांनी लिहून दिलेला कागद पुरेसा झाला. चोरीच्या झाडाखाली मेलेल्या माणसाच्या बायकोला ठेकेदार काही देणं लागत नव्हता, सरकारही नाही. उलट तिला कूपात पानं आणि लाकडं वेचायचं काम मिळेना. चोराचं घर म्हणून. पावसाळ्याआधी ती मुलीला घेऊन निघून गेली. मँगनीजच्या खाणीवर गेली म्हणे. जाताना भेटली नाही.

पुढच्या वर्षी ह्यांनी बदली मागितली आणि ती लगेच मिळाली. बालाघाटच्या लाकूड डेपोत लठ्ठे मोजायचं काम. इतक्या लवकर बदली कशी झाली, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

बालाघाटला आमची खोली डेपोच्या कुंपणाला लागून होती. शेजारी आरा मशीन, म्हणजे लाकूड चिरायची गिरणी. सुरुवातीला आसपास ती एकच होती. दिवसभर तिचा आवाज इतका की घरात ओरडून बोलावं लागे. पाहुणे आले की दचकत, आम्हाला ती बंद पडली की दचकायला व्हायचं. मी भुशाच्या शेगडीवर स्वयंपाक करायला शिकले. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली काढून घ्यायची आणि त्या भोकातून पेटवायचं. सकाळी भरलेली शेगडी दुपारपर्यंत जळते. त्या भुशावरून मला मशीनवर कोणतं लाकूड चढलं आहे ते कळायला लागलं. सागाचा तेलकट आणि वासाचा, बिजाचा तांबडा, हळदूचा पिवळा.

पहिली काही वर्षं पोत्यात सागच यायचा. मग भुसा पांढुरका, मिसळीचा यायला लागला, ज्याला सतकठा म्हणतात तसल्या कुठल्याही झाडांचा. तो धूर फार करतो. शेजारणी मशीनवाल्याला शिव्या द्यायच्या, की चांगला भुसा विकतो आणि आपल्याला हा देतो. मला माहीत होतं की त्याच्याकडेही दुसरा नव्हता.

एका मशीनच्या पाच झाल्या. ट्रक दिवसाला दोन यायचे ते दहा यायला लागले. डेपोतल्या थप्प्या कुंपणाच्या वर गेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, केवढी बरकत. हे संध्याकाळी खांद्यावरची मोजायची फीत खुंटीला अडकवायचे आणि हात धुता धुता कधीतरी बोलायचे. "साहेब म्हणते, ह्या वर्षी माल वाढला. हौ, वाढला. नग वाढले." एकदा म्हणाले, "आगुदर एक लठ्ठा मोजाले दोन माणसं लागत. फीत पुरत नव्हती. आज दिवसभर मांडीएवढे मोजून आलो. हे झाडं नाहीत वो, हे लेकरं हाय झाडाचे." 

आम्ही त्या खुंटाचं नाव कधी काढलं नाही. मी मास्तरकीची परीक्षा दिली आणि प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. मुलगी मोठी झाली, घरात हिंदी बोलायला लागली. वरून पाहता सगळं बरं चाललं होतं. ह्यांची झोप तेवढी गेली होती, आणि कोणी घरी जेवायला आलं की मी त्याला गरजेपेक्षा जास्त वाढायची. ह्या दोन गोष्टींचा संबंध लावायला मी घाबरत होते.

बालाघाटला येऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. एका रविवारी सकाळी मी भुशाचं पोतं आणायला नव्या मशीनवर गेले. तिथं बाया चिरलेल्या लाकडाची सालपटं डोक्यावरून वाहत होत्या. मी पोतं पसरून भुसा भरत होते. मागून आवाज आला, "नाकेदारीन."

मला त्या नावानं हाक मारणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. मी वळले. ती वाळली होती, केस पांढरे झाले होते, पण तशीच सरळ उभी होती. डोक्यावरचा भारा तिनं खाली टाकला.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. बरी आहेस का, कधी आलीस, असलं काहीतरी. मग माझ्या तोंडून एकदम निघालं, "निशाण होतं त्या झाडाले. आमीच तासलं. मी संगं होते."

"मालूम है," ती म्हणाली.

"कसं?"

"तो मेला त्याच्या दुसऱ्या रोजी मी गेलती तिथं. उसका गमछा वहीं पडा था, वो लेने. निशान पाह्यलं मी. हाथ लगाके देखा. मंग आठ रोजानं गेली, तो निशान गायब. तब तेरे पास आई. सोचा, बाई बोलेगी. इसकी बेटी मेरे हाथ में हुई है, ये तो बोलेगी."

मशीन चालू होती. आम्ही दोघी एकमेकींच्या कानाजवळ तोंड नेऊन बोलत होतो, लांबून कोणाला वाटलं असतं जिवाभावाच्या आहेत. मी रडायला लागले तर ती म्हणाली, "रो मत. रोने का टाइम नहीं है मेरे पास, मुकादम देख रहा है." मग तिनं कामाची गोष्ट सांगितली. मुलीचं लग्न आमच्या क्वार्टरजवळच्या त्या गोंडांच्या गावातल्याच एका घरी ठरत होतं. मुलगा तयार होता, पण त्याचे लोक म्हणत होते, चोराची पोरगी घरात आणायची नाही.

"मी काय करू? सांग."

"तू नाही," ती म्हणाली. "त्याले आण. गाव के सामने बोलने दे. उसके मुंह से."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ते फीत हातात घेऊन बसले होते, ती गुंडाळत राहिले. शेवटी म्हणाले, "आधी ऑफिसात अर्ज देतो. लेहून देतो खरं काय ते. मंग जाऊ." मला वाटलं, टाळताहेत. पण त्यांनी खरंच अर्ज लिहिला, स्वतःचं नाव घालून, स्वतःची चूक घालून. माझं नाव त्यात कुठं नव्हतं. मी वाचून म्हटलं, मीही होते, तर म्हणाले, "तुले हातोडा सरकारनं देला नव्हता."

दोन महिने आम्ही रोज वाट पाहिली, की आज निलंबनाचा कागद येईल, उद्या येईल. आला तो दोन ओळींचा. प्रकरण जुने आहे, कागदपत्रे उपलब्ध नाहीत. डिप्टी साहेब केव्हाच निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. हे तो कागद वाचून हसले. सुटल्यासारखं हसू होतं ते, आणि मला त्याचा असा संताप आला की मी म्हणाले, "ऑफिसनं सोडलं, तिनं नाही सोडलं. उद्याच जायचं."

फाल्गुन होता. लांजीपुढं आता बस जात होती. ज्या वाटेनं मी नवी नवरी म्हणून बैलगाडीत बसून गेले होते, ती वाट मला ओळखता आली नाही. जुनं जंगल नव्हतंच. त्या जागी रोपवनातले साग होते, रांगेत लावलेले, सगळे एका वयाचे, मनगटाएवढे. एकाही झाडावर पक्ष्याचं घरटं दिसेना. नाल्यात पाणी नव्हतं. आम्ही श्रावणात ज्याला भ्यायचो तो नाला, त्यातून गाडीवाट गेली होती.

गावातली माणसं मैत्रिणीच्या जुन्या घराच्या अंगणात जमली. मी आदल्या संध्याकाळीच मशीनवर निरोप दिला होता, मैत्रीण आमच्या आधीच्या बसनं येऊन पोचली होती. मुलगी दाराशी उभी होती, माझ्या पोरीला झोके देणारी ती. हे उभे राहिले. मला वाटलं होतं, त्यांना शब्द सुचणार नाहीत. पण ते सरळ बोलले. छाप मी मारला होता. झाड पोकळ आहे हे त्यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. नंतर छाप मी तासला. तो चोर नव्हता, खोटं मी लिहून दिलं. इतकंच. मग मी उभी राहिले आणि म्हणाले, ढलप्या मी वेचल्या. ते काही ठरलेलं नव्हतं.

एक म्हातारा, मुलाचा आजा होता तो, ह्यांना म्हणाला, "तब काहे नहीं बोला?"

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. 

म्हाताऱ्यानं वाट पाहिली.  मग तो उठला, मैत्रिणीच्या दाराशी गेला आणि त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. लोक उठायला लागले. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

सडकेपर्यंत मैत्रीण आमच्यासोबत चालत आली. मध्ये तिनं माझ्या मुलीची चौकशी केली, कितवीत आहे, केस लांब आहेत का. मी सांगत गेले. मला वाटायला लागलं की आता सगळं ठीक होईल, ती पुन्हा माझ्या घरी येईल, आम्ही दोघी जेवायला बसू. बस आली तेव्हा मी म्हणाले, "लग्नाले येऊ ना आमी?"

"नको," ती म्हणाली. मोठ्या शांतपणे म्हणाली. "जे करायचं ते केलं तुमी. अब मत आना."

लग्न झालं ते आम्हाला नंतर बाजारात कोणाकडून तरी कळलं. ती मशीनवरचं काम सोडून लेकीकडे राहायला गेली होती. ह्यांना मी सांगितलं. ते डेपोत निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, "बरं झालं," आणि गेले.